अल्फा-रुथेनियम ट्रायक्लोराइडचे तयार स्फटिक: घ्यावेत का?

घ्यावेत, पण आकार आणि चकाकीवर भाळून नव्हे. जाहिरातीत स्फटिक किती मिलिमीटरचा आणि रासायनिक शुद्धता किती, हे ठळक असतं. हा पदार्थ घेतात तो किताएव स्पिन लिक्विडच्या शोधासाठी, म्हणजे षट्कोनी जाळीतले स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) अतिथंडीतही एका क्रमात गोठत नाहीत अशा अवस्थेसाठी. त्या कामात खरी गोम मात्र थरांच्या रचनेत आहे, आणि शुद्धतेच्या आकड्यावरून ती कळत नाही.

या पदार्थात रुथेनियमच्या षट्कोनी जाळीचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. ते नीट बसले असतील तर विशिष्ट उष्णतेच्या (पदार्थ एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या) आलेखात ७ केल्विनच्या आसपास एकच टोकदार शिखर येतं. झिगझॅग चुंबकीय क्रम, म्हणजे स्पिनांची नागमोडी ओळींतली ठरावीक मांडणी, तिथे सुरू होतो. थर सरकले की १० ते १४ केल्विनदरम्यान पसरट कुबड उगवतं. म्हणजे दोषांनी क्रम मोडत नाही, उलट तो जास्त तापमानालाच उभा राहतो, कारण थराथरांतली जुळणी बदललेली असते. शिखर आणि कुबड दोन्ही असतील तर स्फटिक मिश्र आहे. थर्मल हॉलच्या (चुंबकीय क्षेत्रात उष्णतेचा प्रवाह आडवा वळण्याच्या) मोजमापासाठी तो अजिबात वापरू नये.

म्हणून पाकीट उघडल्यावर आधी २ ते २० केल्विन विशिष्ट उष्णता मोजा, बाकी सगळं नंतर. स्फटिक ब्लेडने कापू नका. पातळ पत्रा किंचित वाकला तरी थर घसरतात आणि चांगल्या नमुन्यातही १४ केल्विनचं कुबड येतं. चिमट्याने दाबून धरण्यापेक्षा बारीक ब्रशने उचला. चिकटवायला ग्रीस अगदी थोडं, एका कोपऱ्यालाच लावा. थंड होताना ते घट्ट होऊन स्फटिकाला ओढतं. सुमारे १५० केल्विनला संरचना बदलते, आणि थंड करताना व तापवताना हा बदल वेगवेगळ्या तापमानाला होतो. तो टप्पा सावकाश ओलांडा. नमुना किती वेळा थंड केला याची नोंद ठेवा.

हर्बर्टस्मिथाइट या तांबं-जस्ताच्या खनिजाशी, स्पिन लिक्विडच्या दुसऱ्या उमेदवाराशी, तुलना केली तर या स्फटिकाची बाजू भक्कम आहे. तिथे जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागांवर तांबं बसतं आणि कमी तापमानाला ससेप्टिबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते माप) वर उसळते. ती उसळी कागोमे थरांची (कोपऱ्यांना जोडलेल्या त्रिकोणांच्या, तांब्याच्या मूळ जाळीची) की या आगंतुक स्पिनांची, हे वेगळं काढणं फार जिकिरीचं. साध्या क्ष-किरणांनी हा दोष पकडताही येत नाही, कारण तांबं २९ आणि जस्त ३०, दोघांचे इलेक्ट्रॉन जवळपास सारखेच. इथे निदान बिघाड एका आलेखात उघडा पडतो.

ऑर्डर देताना त्याच खेपेचा विशिष्ट उष्णतेचा आलेख मागा. फक्त क्ष-किरणांचा आलेख दाखवत असतील तर तेवढ्यावर पैसे देऊ नका.