चमचे मोजले, तळ नाही पाहिला

सुट्टीसाठी भाड्याने घेतलेली होडी ताब्यात घेताना आम्ही चमचे मोजले. बारा चमचे, बारा काटे, सहा लाइफ जॅकेट. कंपनीचा माणूस यादी घेऊन एकेका वस्तूवर खूण करत होता आणि आई-बाबा खूश, की काय चोख कारभार आहे! यात तासभर गेला. होडीच्या तळाची पाळी आली तेव्हा सूर्य कलला होता. "तळ गेल्याच आठवड्यात पाणबुड्याने पाहिलाय, एकदम ठीक आहे," असं तो म्हणाला आणि बाबांनी सही केली.

आम्ही इथेच गंडलो. कळायला मात्र सात दिवस लागले.

होडी म्हणजे कॅटामरान, दोन अरुंद होड्या शेजारी-शेजारी जोडल्यासारखी. स्किपर नाही, चालवायची आपणच. त्यासाठी डिपॉझिट मागतात आणि बऱ्याचदा ती रक्कम कार्डावर नुसती अडवून ठेवतात. आमच्या वेळी नेमकं कार्डाचं मशीन बंद! (आता हसू येतं.) बाबांनी बँकेतून सरळ पैसे पाठवले.

बेटांमध्ये फिरताना पुढच्या टोकाला बसून पाणी वाचायचं काम माझं होतं. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे उथळ वाळू, तपकिरी दिसलं की खाली प्रवाळ. ऊन वरून पडत असेल तरच हे रंग नीट कळतात, म्हणून आम्ही तीनच्या आत नांगर टाकायचो. त्यावरून धाकट्या भावाची रोज कटकट. पण आमची होडी एकदाही कुठे घासली नाही, हे मी शपथेवर सांगते.

परत आलो तर पाणबुड्या दहा मिनिटांत वर आला. डाव्या कीलवर, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरलेल्या पात्यावर, हातभर लांब ओरखडा, आतलं फायबर उघडं पडलेलं. डिपॉझिट गेलं.

मी मास्क लावून उडी मारली. ओरखडा होता, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या खाचेत बार्नेकल बसले होते, म्हणजे होडीच्या तळाला चिकटून वाढणारे टणक कवचाचे समुद्री जीव, माझ्या करंगळीच्या नखाएवढे. खरवडले तरी निघेनात, बोटातून रक्त आलं. खाच आठवड्याभरातली असती तर त्यात एवढे मोठे बार्नेकल आले कुठून? मी फोटो काढले. त्या माणसाने ते शांतपणे पाहिले आणि बाबांची सही पुढे केली. 'तळ: चांगल्या स्थितीत.'

डिपॉझिटचा वेगळा विमा काढला होता, त्यात पाण्याखालचं नुकसान वगळलेलं निघालं. ते कलम आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. कार्डावर असते तर निदान वाद घालता आला असता. बाबा दोन दिवस फारसं बोललेच नाहीत. मला राग येतो तो माझाच, कारण पहिल्या दिवशी चमचे मोजत होते तेव्हा मास्क माझ्या गळ्यातच होता.

दुपारी त्याच होडीवर दुसरं कुटुंब आलं. तोच माणूस, तीच यादी. माझ्याच वयाचा एक मुलगा धक्क्यावर पाय सोडून कंटाळून बसला होता. मी त्याच्या हातात मास्क दिला आणि म्हटलं, "डावीकडची कील बघ. फोटो काढ."

तो पाण्यात उतरला तेव्हा वर काटे मोजणं चाललं होतं.