डोटा २ चे आठ महिने: ज्याने मारलं, तोच हिरो पुढे खेळायला घेतला

डोटा २ हा पाच विरुद्ध पाच जणांचा ऑनलाइन गेम, त्यात प्रत्येकाने एक हिरो निवडायचा. पहिले दोन महिने मी फक्त स्नायपर हा हिरो खेळले. लांबून गोळ्या घालायच्या, कोणी जवळ यायला लागलं की मागे सरकायचं. हात चांगला बसला होता आणि बऱ्याच मॅच जिंकतही होते. मग एका संध्याकाळी लागोपाठ तीन मॅचमध्ये स्नायपर निवडीआधीच बॅन झाला, म्हणजे त्या मॅचपुरता कोणालाच घेता येईना. यादीत शंभराहून जास्त हिरो, एकही विकत घ्यावा लागत नाही, आणि मला त्यातला एकच येत होता. तिन्ही मॅच हरलो. त्या रात्री एक नियम ठरवला: ज्या हिरोने मला सगळ्यात जास्त वेळा मारलं, पुढच्या दहा मॅच तोच हिरो खेळायचा. त्याला आता सहा महिने झाले.

सुरुवात पज्जपासून झाली. त्याचा हूक, म्हणजे साखळीचा आकडा, धुक्यातून, मॅपच्या न दिसणाऱ्या भागातून येतो आणि माणसाला ओढून घेऊन जातो, हे मी शेकडो वेळा सोसलं होतं. ते टाळायचं कसं, हे मात्र स्वतः हूक फेकायला लागल्यावरच कळलं. हूक वाटेत पहिला जो येईल त्याला पकडतो, क्रीप (दोन्ही बाजूंचे आपोआप चालून येणारे सैनिक) असो की आपलाच गडी. म्हणजे समोरचा आपल्या क्रीपच्या आड उभा राहिला तर पज्जच्या हातात काही उरत नाही. पण खरी गोष्ट याहून बारीक आहे. सतत इकडेतिकडे हलणाऱ्या माणसाला हूक बसत नाही. तो बसतो माणूस थांबतो तेव्हा. लेनमध्ये, म्हणजे क्रीप चालून येतात त्या वाटेवर, माणूस थांबतो लास्ट हिट घेताना, कारण क्रीपला शेवटचा फटका मारणाऱ्यालाच सोनं मिळतं. त्यामुळे चौथ्या-पाचव्या मॅचपासून मी समोरच्या हिरोकडे बघणं सोडलं आणि त्याच्या पुढ्यातल्या मरायला टेकलेल्या क्रीपकडे बघायला लागले. हूक बसायला लागले. तेव्हा मला माझे आधीचे सगळे मृत्यू आठवले. जवळजवळ प्रत्येक वेळी मी एका क्रीपच्या सोन्यासाठी उभी राहिले होते. आता समोर पज्ज असेल आणि मॅपवर दिसत नसेल, तर ते सोनं मी सरळ सोडून देते.

सगळ्यात जास्त शिकवलं क्रिस्टल मेडनने. दहा मॅच ठरल्या होत्या, मी चाळीसच्या वर खेळले. ती हळू चालते, अंगात जीव कमी, आणि पळून जायला एकही स्पेल नाही. स्नायपरला निदान लांबून मारता येतं. हिला संकट दिसायच्या आधीच निघावं लागतं. त्यामुळे नजर आपोआप मिनीमॅपवर जाते. समोरचे पाचपैकी दोघंच दिसतायत, म्हणजे तिघं कुठेतरी आहेत, हा हिशेब दर काही सेकंदांनी मनात व्हायला लागला. कॅरी, म्हणजे सोनं जमवून शेवटी मॅच जिंकून देणारा हिरो, खेळताना तो मी कधीच केला नव्हता.

वॉर्डचंही तसंच. ऑब्झर्व्हर वॉर्ड, म्हणजे जिथे लावला तिथला आजूबाजूचा भाग दाखवणारी वस्तू, सहा मिनिटं टिकतो. पूर्वी मला वाटायचं की उंचवट्यावर लावला की काम झालं. पण ती जागा समोरच्या सपोर्टलाही (मेडनसारख्या, संघाला मदत करणाऱ्या हिरोलाही) माहीत असते; तो सेंट्री, म्हणजे लपलेले वॉर्ड दाखवणारा वॉर्ड, लावून तो काढून टाकतो. आपला कॅरी पुढची पाच मिनिटं कुठे फार्म करणार, म्हणजे क्रीप मारून सोनं जमवणार, टॉवर कोणता पडणार, त्याच्या आधीचा रस्ता कोणता, असा विचार करून वॉर्ड लावायचा असतो. मिनिट भरायच्या पाच-सात सेकंद आधी जंगलातल्या, कोणाच्याच बाजूच्या नसलेल्या क्रीपना एक फटका मारून बाहेर ओढायचं, म्हणजे तळ रिकामा राहून मिनिटाला तिथे नवे क्रीप येतात आणि एकाच जागी दुप्पट माल साठतो. हेही मी मेडनकडूनच शिकले. आज कॅरी खेळताना असा साठवलेला तळ दिसला की तो कोणीतरी घड्याळाकडे डोळे लावून उभा केलाय हे मला कळतं, आणि मी आवर्जून ‘थँक्स’ टाकते.

मेडनचं अल्टी, म्हणजे सगळ्यात मोठा स्पेल, चालू असताना स्टन (काही क्षण काहीच करू न देणारा स्पेल) बसला की सगळं संपलं. म्हणून समोरच्यांकडे काय काय आहे ते मोजायची सवय लागली. समोर लायन असेल तर त्याच्याकडे जमिनीतून काटे काढणारा स्टन आहे, शिवाय प्राणी करून टाकणारा हेक्स. दोन्ही दुसऱ्या कोणावर पडेपर्यंत झाडांत थांबायचं. हे थांबणं फार अवघड जातं; आपले गडी मरताना दिसत असतात. पण लवकर बाहेर पडलं तर एक जास्तीचं प्रेत, एवढाच फरक पडतो.

अर्थशेकरच्या पहिल्या काही मॅचमध्ये मी फिशर (जमिनीतून भिंत उभी करणारा स्पेल) मारून आपल्याच माणसाची वाट अडवली. एकदा आमचा मिड, म्हणजे मधल्या लेनचा खेळाडू, त्या भिंतीमागे अडकून मेला आणि पुढची वीस मिनिटं त्याने जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. चूक माझी होती. तेव्हापासून फिशरच्या आधी शत्रूची वाट बघतेच, पण आपला गडी कुठून निघेल तेही बघते. अर्थशेकरच्या विरुद्ध खेळताना दोन गोष्टी उपयोगी पडतात. त्याचं अल्टी जवळ जितके जास्त शत्रू तितकं जास्त लागतं, म्हणून पाच जणांनी घोळका करायचा नाही. आणि क्षणात दुसरीकडे पोहोचवणारी त्याची ब्लिंक डॅगर मार खाल्ल्यावर तीन सेकंद चालत नाही, म्हणून तो दिसला की एखादा किरकोळ फटका तरी मारत राहायचं.

स्टॉर्म स्पिरिट मला फारसा जमला नाही. त्याचं अल्टी जितकं लांब जाल तितका माना (स्पेलसाठी लागणारी शक्ती) खातं. जायला पुरतो, परतायला उरत नाही. दहा मॅच पूर्ण केल्या, एवढंच. इन्व्होकर तर तीन गोळ्यांच्या जुळण्यांतून दहा स्पेल बनवतो. त्याला मी सराव मोडमध्ये दोन आठवडे दिले, तरी लढाईत चारच स्पेल सुचतात. तो सध्या बाजूला ठेवलाय. मात्र तो कोणत्या गोळ्या फिरवतोय हे पाहून काय येणार याचा अंदाज आता बऱ्याचदा येतो, आणि विरुद्ध खेळताना तेवढंही पुष्कळ.

या पद्धतीची किंमत आहे, आणि ती मी मोजली. या नियमाचे पहिले दोन महिने हरणं खूप वाढलं. रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या मॅचमध्ये, नवीन हिरो शिकणं इतर चौघांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. पहिल्या तीन मॅच बॉटशी, मग अनरँक्ड, आणि हात बसल्यावरच रँक्ड. शिव्या देणाऱ्याला पहिल्याच वाक्याला म्यूट करते. वाद घालत बसलं की पुढची लढाई हमखास चुकते. दहा मॅच हा आकडाही सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. पज्जला तेवढ्या पुरल्या, मेडनला नाही. हरलेल्या मॅचचा रिप्ले ज्याने मारलं त्याच्या नजरेतून बघणं मात्र मी कधी चुकवत नाही. त्याच्या स्क्रीनवर आपण किती वेळ उघड्यावर उभे होतो ते दिसतं.

गेल्या आठवड्यात स्नायपर परत घेतला. समोर पज्ज आणि लायन. आता माझ्या हातात तोच हिरो होता, पण मी उभी राहत होते वेगळ्या ठिकाणी: क्रीपच्या आड, वॉर्डच्या उजेडात. पज्ज मॅपवरून गायब झाला की दोन पावलं मागे. चाळीस मिनिटांच्या त्या मॅचमध्ये मला एकदाच हूक बसला. पुढच्या दहा मॅच आता चेनच्या आहेत. जंगलातले क्रीप आपलेसे करून एकाच वेळी सगळ्यांना हलवायचं असतं, आणि परवा समोरच्या चेनने दहाव्या मिनिटालाच आमचा टॉवर पाडला.