सोलर पंपाचा अर्ज भरलाय? मग असा फोन येईल

कुसुम योजनेत सोलर पंपासाठी अर्ज टाकून वाट बघणाऱ्यांनी जरा वाचा. आमच्या तात्यांचे साडेअठ्ठावीस हजार गेले.

तात्यांनी 5 एचपीचा अर्ज भरलेला, जमीन अडीच ते पाच एकरात बसते म्हणून. कित्येक दिवस काही हालचाल नाही आणि मग फोन, 'काका तुमचा नंबर लागलाय, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे ना?' गट नंबर, क्षेत्र सगळं त्यानंच वाचून दाखवलं आणि तात्यांचा तिथंच विश्वास बसला, एवढं माहितीये म्हणजे हापिसातलाच माणूस. अहो पण सातबारा महाभूलेखच्या सरकारी साईटवर कुणालाही दिसतो, गाव निवडा नाव टाका की आलाच समोर.

मग व्हॉट्सॲपवर मंजुरीचं पत्र, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, शुद्धलेखनाचा मात्र पार चुथडा. आधी फाईल चार्ज 2,500. मग 'शेतकरी हिस्सा' 22,000, आजच भरा नाहीतर कोटा संपतोय. मग इन्शुरन्सचे 4,000. दरवेळी नवा क्यूआर आणि स्कॅन केला की कुणातरी भलत्याच बाईमाणसाचं नाव.

यांची खरी लबाडी कुठंय सांगतो, हिस्सा भरावा लागतो हे खोटं नाहीच. ओपनला पंपाच्या किमतीच्या 10 टक्के, एससी एसटीला 5 टक्के, बाकी केंद्र आणि राज्याचं अनुदान. त्यामुळं माणसाला संशयच येत नाही. पण तो हिस्सा पोर्टलवर आपल्या अर्जाच्या नंबरावर भरायचा असतो, कुणाच्या पर्सनल खात्यात नाही. आणि पाच वर्षांची दुरुस्ती अन् इन्शुरन्स योजनेतच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कसले डोंबलाचे!

लोक सांगतात साईटच्या शेवटी गव्ह डॉट इन बघा. बरोबर आहे, पण महावितरणची स्वतःचीच साईट महाडिस्कॉम डॉट इन आहे, राज्य सरकारच्या महाऊर्जा संस्थेचं कुसुम पोर्टल तर डॉट कॉम, आता शेतकऱ्यानं ओळखायचं तरी कसं? म्हणून लिंक कुणी पाठवली तर उघडूच नका, सरळ महावितरणच्या सबडिव्हिजनला अर्जाची पावती घेऊन जा, अर्ज कुठं अडकलाय ते तिथं विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला. शेवटचे 4,000 पुढच्या खात्यात होल्ड झालेत म्हणे, बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते. त्या नंबरवर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, रात्री कळलं तर रात्रीच लावा. आणि एक, तात्यांनी रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून सगळं चॅटच उडवलं, पोलीस स्टेशनला मात्र पहिला प्रश्न तोच, मेसेज दाखवा. नशीब ते पत्र बहिणीला फॉरवर्ड केलेलं होतं, त्याचीच प्रिंट काढून तक्रारीला जोडली.