जांघेतली खाज: पावडर, मेडिकलची ट्यूब की त्वचारोगतज्ज्ञ?

जांघेत खाज सुटली की बहुतेक पुरुष घरात कुणाला सांगत नाहीत. मेडिकलमध्ये जाऊन हळूच "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात आणि काउंटरवरून जी मिळेल ती लावतात. त्या दुकानात खाजेवरच्या पाच-सहा गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, पण प्रत्येकीचं काम वेगळं असतं. त्यातली एक तर दुखणं महिनोन् महिने लांबवते.

आधी खाज कशाची आहे ते बघा. चांगल्या उजेडात, आरशासमोर. मांडीच्या आतल्या बाजूला लाल चट्टा, त्याची कड उंचावलेली आणि खवलेदार, मधला भाग त्या मानाने साफ, आणि चट्टा बाहेर पसरत चाललेला असेल तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. यात अंडकोषाच्या त्वचेवर बऱ्याचदा चट्टा नसतो. खूप चालल्यावर किंवा दिवसभर घामट जीन्समध्ये बसल्यावर मांड्या घासून लाल झाल्या, खाजेपेक्षा आग जास्त आणि कड अशी काही नाही, तर ते घर्षण. रात्री खाज वाढते, लिंगावर-अंडकोषावर बारीक गाठी आहेत, बोटांच्या बेचक्यातही खाजतंय आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर खरूज समजा. तिथे गजकर्णाची कुठलीही ट्यूब कामाची नाही आणि उपचार सगळ्या घराने एकाच वेळी करावा लागतो.

पावडर. घर्षण आणि घामासाठी ठीक. आंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी करून मगच लावायची, ओल्या अंगावर तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. गजकर्ण मात्र नुसत्या पावडरीने बरं होत नाही. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध असलेली पावडर मिळते, ती बरं झाल्यावर परत होऊ नये म्हणून उपयोगी.

मिश्रणाची ट्यूब. हिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ट्यूबवरची घटकांची बारीक अक्षरं वाचा. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि सोबत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते नाव स्टेरॉइडचं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, म्हणून माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. प्रत्यक्षात स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं. खाज दबते आणि खाली बुरशी मोकळी पसरते. ट्यूब बंद केली की चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन उठतो, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. काही महिन्यांत जांघेची कातडी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे पडतात. ते पट्टे पुढे फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. चट्ट्याचं रूपही इतकं बदलतं की डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं.

शिवाय ही जागाच नाजूक. हायड्रोकॉर्टिझोन हाताच्या कातडीपेक्षा अंडकोषाच्या कातडीतून 42 पट शोषलं जातं, हे 1967 मध्येच मोजलं गेलं आहे. ते तर सौम्य स्टेरॉइड, क्लोबेटासोल सर्वांत तीव्र गटातलं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती सहज मिळतात. म्हणून वाचायची जबाबदारी आपल्यावर येते. अशी ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर पुढचा उपाय स्वतः ठरवू नका, ती डॉक्टरला दाखवा.

साधं बुरशीविरोधी मलम. एकाच घटकाचं: क्लोट्रिमॅझोल 1 टक्का, टर्बिनाफिन 1 टक्का, ल्युलिकोनॅझोल 1 टक्का. चट्टा लहान, नवा आणि एकाच जागी असेल तर मी हेच निवडेन. आराम हळू पडतो, तेवढा धीर धरावा लागतो. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं निरोगी त्वचेवरही लावा, आणि खाज गेली, डाग फिका झाला तरी निदान आठवडा-दोन आठवडे सुरू ठेवा. बहुतेकांचं बिनसतं ते इथे, चार दिवसांत बरं वाटतं आणि ट्यूब कपाटात जाते.

लिंबू, लसूण, डेटॉल या भानगडीत पडू नका. तिथली कातडी भाजते आणि मग मूळ आजार कुठला तेही कळत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ. दोन आठवडे साधं मलम नीट लावून फरक नाही, चट्टा कमरेकडे किंवा नितंबांवर गेला, घरात दोघा-तिघांना झालं, किंवा वारंवार परत येतं, तर थेट इथे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. चट्ट्याच्या कडेवरचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी आहे की नाही ते लगेच कळतं. भारतात आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी फार पसरली आहे आणि तिच्या अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही. तेव्हा इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात. हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर या गोळ्या आणू नका.

जांघेपेक्षा लिंगाच्या टोकाला खाज आणि पांढरट थर असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लघवीतून साखर जात असल्याने हा त्रास होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरला लाजून लपवूही नका.

काहीही निवडलंत तरी सैल सुती चड्डी रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा. पावसाळ्यात दोरीवर दमट राहिलेले कपडे इस्त्री फिरवूनच घाला. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांवरही औषध लावा आणि आधी मोजे घालून मग चड्डी चढवा, नाहीतर पायाची बुरशी कपड्याबरोबर जांघेत येते.