युरोपात पहिले पिस्तूल घेताना: एअर, पॉइंट टू-टू आणि नाईन एमएम यांचा तुलनात्मक आढावा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी मंडळींपैकी काही जण तिथल्या नेमबाजी क्लबमध्ये जाऊ लागतात, आणि क्लबच्या पिस्तुलावर हात बसू लागला की स्वतःचे पिस्तूल असावे असे त्यांना वाटू लागते. म्युनिकमध्ये राहणाऱ्यांना तर १९७२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेली होखब्रुकची रेंज शहरालगतच मिळते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने मे २०१९ मध्ये विश्वचषक स्पर्धेतले २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक याच शहरात जिंकले. अशा नव्या नेमबाजासमोर दुकानात तीन पर्याय येतात: १० मीटरवरचे एअर पिस्तूल, २५ मीटरवरचे .२२ लाँग रायफल काडतुसाचे स्पोर्ट्स पिस्तूल, आणि ९ एमएमचे मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीचे, पिस्तूल. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने पहिले पैसे एअर पिस्तुलात घालावेत आणि उरलेल्या दोघांतला निर्णय वर्षभर लांबवावा, असे माझे ठाम मत आहे.

या तिघांमधला सर्वांत मोठा फरक कायद्याचा आहे. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेले आणि पंचकोनात ‘एफ’ अक्षर कोरलेले एअर पिस्तूल अठरा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही परवान्याशिवाय विकत घेता येते. मात्र ते रेंजवर नेताना रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असले पाहिजे. .२२ आणि ९ एमएम या दोन्हींसाठी ‘वाफेनबेझित्झकार्टे’ म्हणजे शस्त्र बाळगण्याचे अधिकृत कार्ड लागते. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेशी संलग्न क्लबमध्ये किमान बारा महिने सदस्यत्व आणि नियमित सराव हवा, शस्त्रज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि शस्त्र ठेवायला ठरावीक मानकाची तिजोरी घरात असावी लागते. क्रीडानेमबाजाला .२२ चे पिस्तूल अठराव्या वर्षापासून मिळू शकते. ९ एमएमसाठी मात्र वय एकवीस हवे, आणि पंचवीस वर्षांखालील अर्जदाराला मानसिक योग्यतेचा दाखला स्वखर्चाने आणावा लागतो. म्हणूनच क्लबमध्ये नुकतेच नाव घातलेल्या माणसासाठी पहिल्या वर्षी हा प्रश्न बहुधा आपोआपच सुटलेला असतो.

आणखी एक बाब फारशी कोणी नवख्याला समजावून सांगत नाही. एकाहून अधिक गोळ्या भरता येणारी अशी दोनच पिस्तुले क्रीडानेमबाजाला मूळ कोट्यातून मिळतात. तिसऱ्यासाठी आपण स्पर्धांमध्ये खरोखर भाग घेतो हे संघटनेकडून प्रमाणित करून आणावे लागते. म्हणजे केवळ मजेखातर घेतलेले स्वस्त .२२ पिस्तूल त्या दोन जागांपैकी एक जागा अडवून बसते. परवान्यावर नोंदलेल्या पिस्तुलाला त्याच किंवा लहान कॅलिबरचा (नळीच्या व्यासाचा) बदली संच, म्हणजे वेगळी नळी, स्लाइड (वरचा सरकता भाग) आणि मॅगझिन (काडतुसांचा कप्पा), जोडायचा असेल तर त्यासाठी नव्याने गरज सिद्ध करावी लागत नाही, फक्त त्याची नोंद करावी लागते. सीझेड ७५ या ९ एमएम पिस्तुलासाठी मिळणारा ‘कडेट’ हा .२२ संच याच कारणाने उपयोगी ठरतो.

आता एअर पिस्तुलाकडे वळू, कारण निवडीचे खरे शिक्षण इथेच होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त आणि ट्रिगरचा भार ५०० ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात, आणि १० मीटरवरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. पेलेट म्हणजे शिशाचा छर्रा; तो सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने जातो, म्हणजे ट्रिगर सुटल्यानंतरही तो नळीत तुलनेने बराच वेळ असतो आणि तेवढ्या वेळात मनगट हलले तर तो दोष टार्गेटवर स्पष्ट उमटतो. मोठ्या पिस्तुलाच्या धक्क्यात जी चूक झाकली जाते, ती इथे झाकली जात नाही.

ऑस्ट्रियातले स्टायर ईव्हो १०, उल्म येथील वॉल्थरचे एलपी ५००, ओबर्नडॉर्फच्या फाइनव्हेर्कबाऊचे पी ८ एक्स, इटलीतील पार्दिनीचे के १२ आणि स्वित्झर्लंडमधील मोरिनीचे सीएम १६२ ईआय ही या वर्गातली परिचित नावे असून त्यांची नवी किंमत साधारण दीड ते दोन हजार युरोंच्या आसपास असते. अचूकतेत यांपैकी कोणतेही पिस्तूल नवशिक्याच्या, किंबहुना बहुतेक अनुभवी नेमबाजांच्याही, कितीतरी पुढे आहे. त्यामुळे पेटीतल्या चाचणीच्या टार्गेटवर किती लहान छिद्र पडले आहे यावरून निवड करण्यात अर्थ नाही. मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आणि अतिशय स्वच्छ सुटणारा आहे, पण तो बॅटरीवर चालतो. बाकीच्यांचे ट्रिगर यांत्रिक आहेत. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत पिस्तुलात बिघाड झाल्याने मनू भाकरची मोलाची मिनिटे वाया गेली होती, हे मराठी वाचकांना आठवत असेल. बिघाड कोणत्याही यंत्रात होऊ शकतो, म्हणून आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर ज्या पिस्तुलाची दुरुस्ती करणारा माणूस आहे, त्या पिस्तुलाला मी कॅटलॉगमधल्या कोणत्याही गुणापेक्षा जास्त गुण देईन.

खरी निवड मुठीची म्हणजे ग्रिपची असते. अक्रोडाच्या लाकडाची किंवा लॅमिनेटची ही ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगवेगळी येते, आणि तळहाताच्या खालची फळी वर-खाली सरकवता येते. दुकानात पिस्तूल हातात घट्ट बसवावे, डोळे मिटून हात टार्गेटच्या उंचीपर्यंत उचलावा, दोन श्वास थांबावे आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून उभी दिसली तर ती ग्रिप आपली आहे. माशी दर वेळी एकाच बाजूला गेलेली दिसली तर मनगट वळवून ती मध्ये आणण्याची सवय लावून घेऊ नये, ग्रिप बदलावी किंवा घासून घ्यावी. किमती ग्रिपला कानस लावायला आणि खोलगट जागी लाकडाची लांबी (पुट्टी) भरायला नवे लोक कचरतात, पण क्लबमधल्या जुन्या नेमबाजांच्या ग्रिप पाहिल्या तर त्या सगळ्या तशाच घडलेल्या दिसतात.

सरावाचा खर्चही इथे सर्वांत कमी आहे. ५०० पेलेटचा चांगला डबा दहा-बारा युरोंना मिळतो, ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, घरच्या भिंतीसमोर रोज करता येते, आणि पालकांच्या संमतीने बारा वर्षांचे मूलही क्लबमध्ये देखरेखीखाली एअर पिस्तूल चालवू शकते. केवळ विरंगुळ्यासाठी हवे असेल आणि स्पर्धेचा विचारच नसेल तर वाइहराउखचे एचडब्ल्यू ७५ किंवा त्याहून स्वस्त एचडब्ल्यू ४० ही एका दाबात हवा भरणारी पिस्तुले पुरेशी आहेत.

.२२ चे स्पोर्ट्स पिस्तूल हा वेगळा खेळ आहे. इथे वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगरचा किमान भार १००० ग्रॅम आणि नळीची कमाल लांबी १५३ मिलिमीटर आहे. राही सरनोबतच्या प्रकारात पहिले ३० शॉट पाच-पाचच्या मालिकांत शांतपणे मारायचे असतात आणि पुढच्या ३० शॉटसाठी टार्गेट दर वेळी फक्त तीन सेकंद उपलब्ध असते. त्याआधी हात ४५ अंशांत खाली धरलेला असतो. त्यामुळे या पिस्तुलात ग्रिपइतकेच महत्त्व हात वर आल्यावर ते किती लवकर स्थिरावते याला आहे. पार्दिनी एसपी, वॉल्थरचे जीएसपी ५०० आणि फाइनव्हेर्कबाऊचे एडब्ल्यू ९३ यांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे नळी हाताच्या जवळ, खालच्या रेषेत ठेवता येते आणि पिस्तूल कमी उडते. पार्दिनी हातात चपळ वाटते, तर एडब्ल्यू ९३ चा धक्का मला अधिक मऊ वाटतो. संथ मालिकांची आवड असलेल्याने दुसरे आणि वेगाच्या मालिकांकडे ओढा असलेल्याने पहिले आधी हातात घेऊन पाहावे. अशी पिस्तुले काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ असतात, त्यामुळे एकाच कंपनीची हजारभर काडतुसे घेण्यापूर्वी तीन-चार प्रकारच्या पेट्या चालवून बघणे शहाणपणाचे. हॅमरली एक्स-एसे किंवा रूगर मार्क ४ यांना निम्म्याच्या आसपास पैसे पडतात आणि क्लब पातळीवर ती उत्तम चालतात, पण वर सांगितलेला दोन पिस्तुलांचा कोटा लक्षात घेता दोन वर्षांत बदलावे लागेल असे पिस्तूल मी घेणार नाही.

९ एमएमच्या बाबतीत आधी प्रकार ठरवावा लागतो. जर्मन नेमबाजी महासंघाच्या स्पर्धेत २५ मीटरवर पाच शॉटच्या मालिका १५० आणि २० सेकंदांत मारायच्या असतात. त्यासाठी १९४९ मध्ये स्विस सैन्याने स्वीकारलेले सिग पी २१० आजही अनेकांना प्रिय आहे. सिग सावरचा एकर्नफोर्डे येथील कारखाना २०२० मध्ये बंद पडल्यामुळे तिथे तयार झालेली पिस्तुले घेताना सुट्या भागांची चौकशी आधीच करावी. धावत, जागा बदलत मारायच्या आयपीएससी प्रकारासाठी चेक प्रजासत्ताकातील उहेर्स्की ब्रोद येथे बनणारे सीझेड शॅडो २ अधिक योग्य आहे; सुमारे १३३० ग्रॅमचे हे पोलादी पिस्तूल धक्का चांगला पचवते, तर हलके ग्लॉक स्वस्त आणि टिकाऊ असले तरी नवख्याच्या हातात जास्त उसळते. आयपीएससीसाठी सुरक्षा आणि नियमांची स्वतंत्र परीक्षाही द्यावी लागते. दारूगोळ्याचा खर्च .२२ च्या दुपटीहून अधिक येतो, आणि त्याहून मोठी किंमत म्हणजे धक्क्याच्या धास्तीने शॉट सुटण्याआधीच मनगट खाली दाबण्याची सवय, जी एकदा जडली की मोडायला महिने जातात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी ही तुलना जवळजवळ एकतर्फी आहे. डनब्लेनच्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये झालेल्या कायद्यांनी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नेहमीच्या स्वरूपाची .२२ आणि ९ एमएम पिस्तुले बाळगण्यास बंदी आली, त्यामुळे तिथे एअर पिस्तूल हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि स्कॉटलंडमध्ये त्यालाही प्रमाणपत्र लागते.

वापरलेले एअर पिस्तूल घ्यायला माझी हरकत नाही, किंबहुना विद्यार्थ्याने तेच घ्यावे. मात्र किंमत ठरवण्यापूर्वी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. २०० बार दाबापर्यंत भरल्या जाणाऱ्या या सिलिंडरचे आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षे धरले जाते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, म्हणून नव्या सिलिंडरची किंमत विक्रेत्याच्या आकड्यातून वजा करूनच बोलणी करावी. त्यानंतर रिकाम्या पिस्तुलाची नळी आकाशाकडे धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे चाचणी-वजन अडकवावे आणि पिस्तूल सरळ वर उचलावे. ट्रिगरने ते वजन न सुटता पेलले पाहिजे, आणि ते पेलत नसेल तर विक्रेत्याच्या समोरच स्क्रू फिरवून भार वाढतो का हे पाहावे. वाढत नसेल तर ट्रिगरची यंत्रणा झिजलेली असण्याची शक्यता आहे, आणि तसे पिस्तूल कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.