डिजिटल गाईडच्या नावाखाली विकलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक आप्पांची फाईल समोर आहे. तिच्यात एक पावती, मोबाईलवर आलेल्या एक्स-रेच्या फोटोची प्रिंट आणि एका डबीत पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. पावतीवर त्या तुकड्याचं नाव 'थ्रीडी डिजिटल सर्जिकल गाईड', म्हणजे ड्रिल कुठून आणि कसं जायचं हे ठरवणारा साचा, किंमत 15,000 रुपये. खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात बसणारे धातूचे स्क्रू) बसवले, त्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), गाईड, इम्प्लांट, अ‍ॅबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि झिरकोनियाच्या कॅप धरून एकूण बिल 1,02,500. कॅप अजून बसलेल्याच नाहीत.

तो तुकडा उजेडात धरला की अर्धी गोष्ट तिथेच कळते. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, बोटाने दाबला तर वाकतो, कडा कात्रीने कापलेल्या. वर दोन भोकं, तीही बरने, म्हणजे दात कोरायच्या टोकाने, हाताने पाडलेली; एक गोल, दुसरं लांबट. हा व्हॅक्युम मशीनवर तापवून प्लास्टरच्या मॉडेलवर ओढलेला शीट आहे. रात्री दात खाणाऱ्यांना किंवा ब्रेसेस काढल्यावर देतात तोच. माल आणि मेहनत धरून काहीशे रुपयांत होतो. हिरडीच्या वर भोक कुठे आहे एवढंच तो सांगतो. हिरडीखाली हाड किती रुंद, कुठे उतरतं, ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस किती खोल, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं.

खरा गाईड रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, थ्रीडी प्रिंट केलेला असतो. अडीच-तीन मिलिमीटर जाड, कडक, बारकाईने पाहिलं तर थरांच्या रेघा दिसतात. शेजारच्या दातांवर छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यातून दाताचं टोक गाईडला टेकलंय का, हे ड्रिल चालवण्याआधी बघायचं असतं. भोकात बहुतेक वेळा धातूची नळी बसवलेली असते, तिला स्लीव्ह म्हणतात. ड्रिल त्या नळीतून जातं, म्हणून त्याची दिशा आणि खोली दोन्ही बांधलेली राहतात. दातांवर ठेवून हलवला तर हलत नाही. आप्पांचा तुकडा त्यांच्याच तोंडात डुगडुगत होता.

असा गाईड दोन फायलींशिवाय जन्मालाच येत नाही. एक सीबीसीटीची, म्हणजे हाडाची. ती डायकॉम प्रकारची. दुसरी दात-हिरड्यांच्या पृष्ठभागाची, ती एसटीएल. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही एकावर एक जुळवतात, नस रंगवून घेतात, इम्प्लांट आधी पडद्यावर बसवतात आणि मग त्याच्याभोवती गाईड आखतात. एसटीएल तोंडात स्कॅनर फिरवूनच मिळवावी असंही नाही. मसाल्याचं, म्हणजे दातांवर दाबायच्या लगद्याचं, माप घेऊन प्लास्टरचं मॉडेल लॅबमध्ये स्कॅन केलं तरी चालतं. त्यामुळे 'माझं तर जुन्या पद्धतीचं माप घेतलं' एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. फाईलच नाही, यावरून ठरते.

आप्पांचं म्हणणं, "मले वाटलं भाऊ, मशीन डोक्याभोवती फिरलं म्हणजे सीटी झाला." इथेच बहुतेक जण फसतात, कारण ओपीजी आणि सीबीसीटी बऱ्याच ठिकाणी एकाच मशीनवर निघतात. हनुवटी टेकवा, दातांत काडी धरा, मशीन फिरतं. फरक हातात काय पडतं त्यात. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचं एक सपाट चित्र. सीबीसीटी म्हणजे शेकडो कापांचा फोल्डर, शंभर-दोनशे एमबीचा सहज, आणि तो उघडायला व्ह्यूअर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो हा सीबीसीटी नव्हे. आप्पांच्या बिलात सीबीसीटीचे 3,500 लावलेत आणि फाईलमध्ये आहे ओपीजी.

त्याने काय बिघडलं, ते आकड्यांत बघा. ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं. किती, हे मशीनवर आणि रुग्ण कसा उभा राहिला त्यावर ठरतं. 20-25 टक्के सहज. म्हणून मोजायचंच असेल तर त्या जागी 5 मिलिमीटरची पोलादी गोळी ठेवून ओपीजी काढतात. चित्रात गोळी सव्वासहा भरली की 25 टक्के वाढ आहे हे कळतं आणि सगळे आकडे त्या हिशेबाने कमी करता येतात. आप्पांच्या ओपीजीत गोळी नाही. शेवटच्या दाढेच्या जागी नसेच्या वर हाड दिसतं 15 मिलिमीटर. त्यातून सुरक्षेचे 2 सोडून 13 चा इम्प्लांट घातला. नंतरच्या सीबीसीटीत खरं हाड निघालं 12, म्हणजे ओपीजीत 25 टक्के वाढ होती. त्यामुळे इम्प्लांटचं टोक नसेच्या नळीत एक मिलिमीटर. ड्रिलचं टोक खुणेच्या पुढे अर्धा-एक मिलिमीटर जातंच, तेही धरा. ते 2 मिलिमीटर उगीच सोडत नाहीत.

आणखी एक गंमत. स्लीव्हमधून चालणारे ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा साधारण 10 मिलिमीटर लांब असतात, शिवाय वर हँडपीसचं, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या यंत्राचं, डोकं. मागच्या दाढेवर ते उभं करायला तोंड चांगलं मोठं उघडावं लागतं. आप्पांची गुटख्याची जुनी सवय, तोंड उघडतं दोन-अडीच बोटं. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण आपल्याकडे तोंडं अजून आखडतातच. त्या जागी खरा गाईड आणला असता तरी ड्रिल आत गेलं नसतं. तोंड किती उघडतं हे पट्टीने न मोजता मागच्या दाढेसाठी गाईडचे पैसे सांगितले, तर तिथेच थबका.

इम्प्लांटच्या डबीवर निघणारे स्टिकर असतात. कंपनी, रेफ नंबर, लॉट नंबर, व्यास, लांबी, एक्स्पायरी. एक दवाखान्याच्या रेकॉर्डला, एक रुग्णाच्या कार्डावर. बाहेरून आलेला माल असेल तर लेबलवर आयात परवान्याचा नंबर आणि आयातदाराचा पत्ता असतो. आप्पांच्या कार्डावर दोन्ही स्टिकर 10 मिलिमीटरचे. नंतर दुसरीकडे काढलेल्या सीबीसीटीत मागचा इम्प्लांट 13 भरला. धातूभोवती चित्र थोडं फुलतं हे मान्य, पण तीन मिलिमीटर फुलत नाही. म्हणजे स्टिकर दुसऱ्याच डबीचा. याचा त्रास पुढेही होतो. स्क्रू ढिला झाला की कोणत्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर आणायचा हेच कळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचे 1.2 आणि 1.25 मिलिमीटरचे षटकोन डोळ्याला सारखेच दिसतात, आणि चुकीचा घातला की स्क्रूचं डोकं घासून जातं.

दुसऱ्या दिवशी खालचा डावा ओठ आणि हनुवटी बधिर होती. चहा ओघळला तरी कळेना. फोनवर उत्तर मिळालं, "सूज आहे, सहा महिन्यांत जाईल." भुलीचा अंमल काही तासांत उतरतो. दुसऱ्या सकाळीही ओठ जड असेल तर त्याच दिवशी सीबीसीटी काढून घ्यायचा. टोक नसेवर असेल तर पहिल्या दीड-दोन दिवसांत इम्प्लांट काढला किंवा वर घेतला तर नस सावरण्याची आशा बरी असते. आप्पा पाच आठवडे थांबले. त्या दिवसांत ओठाचा बधिर भाग पेनने आखून तारखेसह फोटो काढत गेलं, तर तो कमी होतोय की तसाच आहे हे दिसतं, आणि पुढे पुरावाही होतो. त्यांच्याकडे तेही नव्हतं.

पैशाची बाजू. बिलाचं कर्ज रिसेप्शनवरच झालं. मोबाईलवर ओटीपी आला, तो सांगितला. असं कर्ज मंजूर झालं की फायनान्स कंपनी पूर्ण रक्कम दवाखान्याला देते. काम अर्धं राहिलं तरी हप्ता चुकत नाही, आणि चुकवला तर सिबिल बिघडतो. केळीचे पैसे आल्यावर टप्प्याटप्प्याने देणं त्यापेक्षा बरं: इम्प्लांट बसल्यावर काही, आणि खालच्या जबड्यात साधारण तीन महिन्यांनी हाडाने इम्प्लांट पकडल्यावर कॅपच्या वेळी उरलेले.

गाईड न वापरता, नुसत्या सीबीसीटीवर आणि हाताच्या सरावावर उत्तम इम्प्लांट बसवणारे डॉक्टर खान्देशात आहेत. ती लबाडी नव्हे. शिवाय खरा गाईडही देववाणी नाही; आखलेल्या जागेपासून सरासरी एखादा मिलिमीटर आणि तीन-साडेतीन अंश फरक पडतोच. त्यात मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या लॅबमधून आलेलं पार्सल जळगावच्या उन्हात गाडीत पडून राहिलं तर रेझिन वाकू शकतं. म्हणूनच त्या खिडक्या.

आप्पांनी तक्रारीचं नाव काढल्यावर दवाखान्याने गाईडचे 15,000 परत देऊ केले, बदल्यात स्टॅम्प पेपरवर 'माझी कसलीही तक्रार नाही' अशी सही. सही केली नाही हे बरं झालं, कारण प्रश्न 15,000 चा नव्हता, ओठाचा होता. आता पावती, ओपीजी, स्टिकरचं कार्ड, नवा सीबीसीटी आणि दुसऱ्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल असं सगळं जिल्हा ग्राहक आयोगात लावायचं आहे. त्यासाठी मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्यावर फी नाही. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार वेगळी, ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. आधी मात्र दवाखान्याकडे लेखी अर्ज देऊन डायकॉम आणि एसटीएल फाईल मागितली आहे, पोच घेऊन. प्लॅस्टिकचा तुकडा डबीतच आहे. तो कोणाला धुवायला किंवा 'बघायला' द्यायचा नाही, एवढं घरच्यांना सांगून ठेवलंय.