चालत जाण्याची पालिका शाळा की व्हॅनने जाण्याची खासगी शाळा : अँटॉप हिलच्या एका पालकाचा आढावा

घरापासून चालत जाता येईल अशी मुंबई महापालिकेची प्राथमिक शाळा आणि व्हॅनने जावे लागेल अशी विनाअनुदानित इंग्रजी शाळा, असे दोनच पर्याय ज्यांच्यापुढे उरले आहेत, अशा पालकांसाठी हे टिपण आहे. माझी मुलगी छोट्या शिशुवर्गापासून पहिलीपर्यंत तीन वर्षे दुसऱ्या प्रकारच्या शाळेत होती. दुसरीपासून ती पहिल्या प्रकारच्या शाळेत, मराठी माध्यमाच्या सेमी-इंग्रजी वर्गात आहे आणि आता चौथीत शिकते. शुल्कातील फरक, पालिकेकडून मिळणाऱ्या 27 शालोपयोगी वस्तू, वर्गातील पंखे आणि फळे यांविषयी बहुतेकांना माहिती असते, म्हणून ते सारे मी वगळले आहे. माझे मत एका मुलीच्या आणि दोन इमारतींच्या अनुभवावर बेतलेले आहे. आपल्या वस्तीत चित्र वेगळे असू शकेल.

आमची वस्ती कशी आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचे म्हणणे नीट कळणार नाही. गुरू तेगबहादूर नगर स्थानकाला जुनी माणसे अजूनही कोळीवाडा म्हणतात. मूळचे कोळी, फाळणीनंतर येथे वसवलेली पंजाबी आणि सिंधी कुटुंबे, दक्षिणेकडून आलेले तमिळ आणि तेलुगू भाषक, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर आणि सीजीएस कॉलनीतील केंद्र सरकारी कर्मचारी, ज्यांची दर काही वर्षांनी बदली होते, असे सारे लोक येथे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीच्या परिसरात राहतात. पालिका एकूण आठ माध्यमांतून शाळा चालवते. त्यांपैकी मराठी, हिंदी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा आमच्या एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात. ही विविधता सरसकट सांगितली जाते तशी मात्र नाही, कारण मुले अंगणात एकत्र आणि वर्गात माध्यमाप्रमाणे वेगळी असतात. तरीही माझ्या मुलीच्या मराठी वर्गातील जवळजवळ निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या घरी तेलुगू आहे आणि तिच्यामुळे आमच्याकडे जिने चढताना 'ओकटी, रेंडू, मूडू' असे मोजण्याची पद्धत पडली आहे. बाईंना मात्र याचा ताण येतो. ज्या मुलांनी घरात मराठी ऐकलेलीच नाही त्यांना जोडाक्षरांपर्यंत आणेपर्यंत पहिली दोन वर्षे जातात आणि तोवर मराठी घरांतील मुलांना थोडे थांबावे लागते, हे मी नाकारणार नाही.

खासगी शाळेतही निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे होती, पण ती सारी एकाच तऱ्हेच्या घरांतून आलेली होती. शिक्षणहक्क कायद्यानुसार राखीव असलेल्या 25 टक्के जागांवरील मुले वर्गात असत, एवढा अपवाद नमूद करतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास त्याच कायद्याच्या 13व्या कलमाने मनाई आहे. आमची झाली ती केवळ 'ओळखभेट' होती असे आम्हाला सांगण्यात आले आणि त्या भेटीत मुलीपेक्षा माझ्या नोकरीविषयी अधिक प्रश्न विचारले गेले.

शिकवण्याच्या बाबतीत स्पष्ट सांगायचे तर बोलण्याच्या इंग्रजीत खासगी शाळा उजवी आहे. पहिलीच्या अखेरीस माझी मुलगी पाहुण्यांशी न अडखळता इंग्रजीत बोलत असे. आज ती वाचते चांगले, पण बोलताना आधी मनात वाक्य जुळवते. गणितात मला फरक जाणवला नाही. मराठीत मात्र तो फार मोठा आहे. 2020च्या कायद्यामुळे राज्यातील सर्व शाळांमध्ये मराठी अनिवार्य झाली, पण तिच्या आधीच्या वर्गात तो तास वेळापत्रकातील एक रकाना भरण्यापुरता होता. आता ती आजीचे पत्र स्वतः वाचते. शिक्षकांविषयी म्हणाल तर खासगी शाळेत पहिलीच्या एका वर्षात तिला तीन वर्गशिक्षिका लाभल्या, पालिका शाळेत दुसरीपासून बाई एकच आहेत. त्या बाई निवडणुकीच्या हंगामात कामावर जातात आणि वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडला जातो, ही तक्रार खरी आहे. कायद्याच्या 27व्या कलमाने शिक्षकांना इतर कामांना जुंपण्यास बंदी घातली असली, तरी दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका हे अपवाद तेथेच लिहिलेले आहेत, त्यामुळे ही गैरसोय गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

येथवर दोन्ही पारडी साधारण सारखी आहेत असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. आमचा निर्णय झाला तो व्हॅनमुळे.

शाळा माटुंग्याच्या बाजूला, घरापासून साडेतीन किलोमीटरवर होती. नकाशावर हे अंतर पाहून आम्ही निश्चिंत झालो होतो. प्रत्यक्षात व्हॅन सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी प्रतीक्षानगरला येई, कारण तिच्या फेरीत आमचे घर सर्वांत पहिले होते, आणि मग अकरा मुलांना गोळा करत, प्रत्येक इमारतीखाली भोंगा वाजवून थांबत, ती पंचावन्न मिनिटांनी शाळेपाशी पोहोचे. परतताना क्रम उलटत असे, त्यामुळे सकाळी सर्वांत आधी चढलेली माझी मुलगी दुपारी सर्वांत शेवटी उतरे. पाच वर्षांच्या मुलाला पावणेसहाला उठवणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा तरी तिला वाटेत उलटी होई. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात लिंबू आणि एक प्लॅस्टिकची पिशवी कायम असे. वर्गात पहिल्या तासाला ती पेंगते, अशी सूचना दैनंदिनीत तीन वेळा आली. त्या सूचनेखाली सही करताना नेमके काय सुधारावे, हे मला कळत नसे.

यातील सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे या साऱ्याला जबाबदार कोणीच नव्हते. व्हॅनवाले काका चांगले होते, पण त्यांचा व्यवहार पालकांशी. शाळेला विचारले तर व्हॅन ही पालकांनी परस्पर केलेली सोय आहे, असे उत्तर मिळे. महाराष्ट्राच्या 2011च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, असे मी एका बैठकीत नम्रपणे म्हणालो, तेव्हा समिती आहे आणि ती बसगाड्यांसाठी आहे, असे मला समजावण्यात आले. जुलैमध्ये एके दिवशी गांधी मार्केटपाशी पाणी भरले. तेथे दरवर्षीच भरते, त्यात नवल नाही. त्या दुपारी व्हॅन किंग्ज सर्कलच्या अलीकडे दोन तास उभी होती. आम्हाला एकच निरोप आला की मुले सुखरूप आहेत. मी चालत निघालो, गुडघाभर पाण्यातून व्हॅनपर्यंत पोहोचलो, तेव्हा मुलगी मागच्या आसनावर झोपली होती आणि तिचा डबा तसाच होता.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा राज्याचा नियम आहे. ही तरतूद मी पूर्वी गरिबांच्या सोयीची म्हणून वाचली होती. त्या दिवसानंतर ती मला लहान मुलांच्या सोयीची वाटू लागली. शाळा बदलताना जुन्या शाळेने दाखला देण्यास बराच वेळ लावला, पण दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. मुख्याध्यापिकांना ते माहीत होते, त्यांनी मुलीला दुसऱ्याच दिवशी वर्गात बसवले.

आता शाळेत जायला सात मिनिटे लागतात, रस्त्यात मांजर दिसले तर दहा. मुलगी पोटभर झोपून उठते. शाळेतील मैत्रिणी संध्याकाळीही मैत्रिणीच असतात, कारण त्या रावळी कॅम्पात किंवा मागच्या चाळीत राहतात. आधीच्या शाळेतली तिची जिवलग मैत्रीण परळला राहत असे आणि दोघींची भेट वाढदिवसालाच होई. बाईंशी बोलायचे असेल तर शाळा सुटताना फाटकाशी उभे राहिले की पुरते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात; आमच्या समितीत भाजी विकणाऱ्या एक बाई आहेत आणि पाण्याच्या टाकीविषयी त्यांच्याइतके नेमके कोणी बोलत नाही. घर जवळ असल्यामुळेच त्या बैठकीला येऊ शकतात. दुपारच्या खिचडीबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्राथमिक वर्गासाठी 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने हे तिचे माप कागदावर ठरलेले असले तरी चवीबाबत माझी मुलगी आणि तिची तेलुगू मैत्रीण यांचेही एकमत होत नाही.

उणिवा सांगितल्या नाहीत तर हा आढावा एकांगी होईल. मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहे पाहण्यासारखी नसतात. नातेवाईक आवाज खाली करून विचारतात, 'काही अडचण आहे का?' आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, म्हणजे आठवीला पुन्हा शोधाशोध करावी लागणार. इंग्रजी संभाषणासाठी मला घरी रोज अर्धा तास द्यावा लागतो. ज्यांना तो देता येणार नाही त्यांनी पाल्याला खासगी शाळेत घालण्याचा विचार केला तर ते चुकीचे ठरणार नाही. ज्यांची खासगी शाळाही चालत जाण्याजोगी आहे, त्यांच्याबाबत तर माझा निम्मा युक्तिवाद गळूनच पडतो. 2020पासून पालिकेने मुंबई पब्लिक स्कूल या नावाखाली केंद्रीय मंडळाच्या शाळाही सुरू केल्या आहेत आणि तेथील प्रवेश सोडतीने होतात. आम्हीही अर्ज करण्याचा विचार केला होता, पण त्यासाठी पुन्हा व्हॅनच शोधावी लागली असती.

धाकटा मुलगा या 31 डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण करतो, म्हणजे त्याचा पहिलीचा अर्ज यंदाच भरायचा आहे. पत्नीचे म्हणणे त्याला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घालावे, माझा कल मराठीकडे आहे, आणि हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. मात्र दोन्ही वर्ग त्याच इमारतीत, एकाच जिन्याने वर जाऊन डावीकडे-उजवीकडे आहेत, त्यामुळे तो कधी मिटतो याची आम्हाला फारशी घाई नाही.